सदाहरित रोपाचे पहिले तीन उन्हाळे

जुलैच्या पहिल्या आठवड्यात किती रोपे लावली, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचायला मिळते. पुढच्या मेअखेरीस त्यांतली किती हिरवी होती, हे सहसा कुठेच लिहिलेले नसते. कन्हैयालाल मुन्शी केंद्रीय मंत्री असताना १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू झाला आणि तेव्हापासून आपली वृक्षलागवड पावसाच्या पहिल्या महिन्याशी जोडली गेली. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्राने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. पुढच्या वर्षांत तो ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेला. त्यांतली जगली किती, यावरून नंतर विधिमंडळातही वाद झाला. तो होणारच होता. लावलेले रोप एकदाच मोजायचे असते, जगलेले मोजायला मात्र तीन वर्षे पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यापाशी जावे लागते.

हा प्रश्न सगळ्याच झाडांचा आहे, पण सदाहरित झाडांना तो जास्त जाचतो. आंबा, फणस, जांभूळ, बकुळ, उंडी, सुरंगी, रातांबा, सीताअशोक ही आपल्या परसातली, देवराईतली, ओढ्याकाठची झाडे. लावताना मात्र आपण त्यांना सागाच्याच मापाने मोजतो. सागाचे रोप पहिल्या हिवाळ्यात पाने टाकून मोकळे होते. उन्हाळ्यात त्याचा शेंडा वाळला तरी जमिनीखालची जडी जिवंत राहते आणि पुढच्या पावसात नवा धुमारा फुटतो. म्हणून तर वनखाते सागाच्या नुसत्या जड्या लावून लागवड करू शकते. जांभळाला ही सोय नाही. त्याच्या अंगावर बारा महिने पान असते, आणि पान आहे तोवर पाण्याचा खर्च चालू असतो. त्यात भर अशी की सदाहरित झाडांची नवी पालवी अनेकदा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येते. लालसर, कोवळी, अजून नीट न जून झालेली ही पाने आणि जमिनीतली तळाला गेलेली ओल यांची गाठ ऐन कोरड्या दिवसांत पडते. मोठ्या झाडाची मुळे खोल असल्याने त्याला ते परवडते. नऊ महिन्यांपूर्वी लावलेल्या रोपाला परवडत नाही.

पाऊस भरपूर पडतो तिथेही हीच अडचण आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि सोलापूरला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दोन्हीकडची उघडी जमीन कोरडीच असते. तेव्हा महाराष्ट्रातल्या सदाहरित रोपापुढचे काम एका वाक्यात सांगता येते: होळीच्या आत मूळ ओलीच्या थरापर्यंत पोहोचले पाहिजे. रोप लावण्याच्या आणि जपण्याच्या ज्या अनेक रीती सांगितल्या जातात, त्यांची पारख मी याच कसोटीवर करतो. मुळाला खाली आणि बाहेर जायला मदत करते ती रीत कामाची. पावसाळ्यात नुसता पाला वाढवते ती दिसायला छान, पण एप्रिलात उपयोगाची नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत, वरची माती आणि खालची माती वेगळी ठेवावी, कुजलेले शेणखत आणि सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा भरावा, ही शिफारस सर्वांना पाठ आहे. दुसरीकडे अमेरिकेत ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात कार्ल व्हिटकम्ब यांनी १९७० च्या दशकात प्रयोग करून उलट मत मांडले. खड्ड्यात वेगळे काही न मिसळता निघालेलीच माती परत भरावी, कारण खताने समृद्ध केलेल्या खड्ड्यातून मुळे बाहेर पडायला राजी नसतात आणि दोन प्रकारच्या मातीच्या सीमेवर पाणीही अडखळते. शहरांतल्या वृक्षतज्ज्ञांनी हे मत आज जवळपास नियम म्हणून स्वीकारले आहे. आपल्याकडे ते कुठे लागू पडते हे मात्र जमिनीगणिक पाहावे लागेल. तांबड्या आणि पोयट्याच्या जमिनीत ते पुष्कळ अंशी पटते. शेणखत द्यायचे तर चांगले कुजलेले, थोडे आणि वरच्या थरात द्यावे. कच्चे शेणखत खड्ड्यात कोंबणे म्हणजे हुमणीला आणि वाळवीला आवतण.

पण रत्नागिरी-देवगडच्या कातळावर परत भरायला माती असतेच कुठे? तिथे सुरुंग लावून खड्डे पाडतात आणि बाहेरून आणलेली माती भरतात. हापूसच्या कितीतरी बागा अशाच उभ्या राहिल्या. हा खड्डा म्हणजे दगडात कोरलेली कुंडी असते. जुलैत ती काठोकाठ भरते, मुळे गुदमरतात, आणि जानेवारीत तीच सगळ्यांच्या आधी सुकते. म्हणून कातळावर खताच्या मिश्रणापेक्षा खड्ड्याचा तळ महत्त्वाचा. पहिल्या मोठ्या पावसानंतर खड्डा रिकामा ठेवून पाहावा. पाणी दोन दिवसांत जिरले नाही, तर तळाला आणखी भेग पाडावी किंवा ती जागा सोडून द्यावी. जांभ्याला फटी असतील तर आंब्याचे मूळ त्यांतून वाट काढते. फट नसेल तर झाड आयुष्यभर त्या कुंडीतच राहते आणि तुम्ही आयुष्यभर पाणी घालता.

काळ्या जमिनीची तऱ्हा निराळी. पावसात ती चिकट आणि दमट, आणि उन्हाळ्यात भेगाळली की भेगेत सापडलेली कोवळी मुळे तुटतात. तिथे रोप खड्ड्यात न लावता थोड्या उंचवट्यावर लावावे, आणि आळ्यावर आच्छादन ठेवून भेगा पडण्याचे प्रमाण कमी करावे. मुरमाड टेकडीवर सलग समपातळी चर खणून चराच्या खालच्या बाजूच्या भरावावर रोप लावण्याची रीत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे, आणि ती योग्यच आहे. चरात मुरलेले पाणी रोपाच्या मुळाखालून जाते आणि मूळ त्याच्या मागे खाली उतरते.

यानंतरचा विषय रोपवाटिकेचा. माझ्या मते सगळ्यात जास्त रोपे इथेच मरतात, फक्त मृत्यूची नोंद नंतर होते. पुण्याजवळच्या एका टेकडीवर मार्चमध्ये जांभळाचे वाळलेले रोप मी उपटून पाहिले. फारसा जोर लावावा लागला नाही. माती झटकल्यावर निघाला तो मुळांचा गोळा हुबेहूब पिशवीच्या आकाराचा होता. पिशवीच्या तळाची घडीसुद्धा त्यावर उमटलेली होती. सोटमूळ तळाला टेकून वळले होते, वेटोळे घेऊन पुन्हा वर आले होते आणि स्वतःच्याच गळ्याभोवती आवळले गेले होते. बाजूच्या मातीत शिरलेले एकही मूळ दिसले नाही. खड्डा चांगला होता, आळे होते, कोणी तरी पाणीही घातले असावे. रोप मात्र पूर्ण वर्षभर त्या न दिसणाऱ्या पिशवीतच राहिले.

यावर उपाय महाग नाहीत. रोपवाटिकेत रोप पिशवीत गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये. गेल्या वर्षीचे शिल्लक रोप उंच दिसते म्हणून ते चांगले असे मुळीच नाही. उभ्या खाचा असलेल्या रूट ट्रेनरमध्ये मूळ गोल फिरण्याऐवजी सरळ खाली जाते, तळाच्या भोकापाशी हवा लागून त्याचे टोक आपोआप छाटले जाते आणि वर बाजूची मुळे फुटतात. पिशवीतलेच रोप घ्यायचे असेल तर लावताना पिशवी पूर्ण काढावी. रोपांच्या गर्दीत मजूर पिशवी तशीच ठेवून खड्ड्यात ढकलतात, हे मी अनेक कार्यक्रमांत पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. मग बाजूने धारदार पात्याने दोन-तीन उभे छेद द्यावेत, तळाचे वेटोळे कापून टाकावे आणि मुळे मोकळी करावीत. पाऊस चालू असताना या जखमा लवकर भरतात. फणस याला अपवाद. त्याचे सोटमूळ फार नाजूक असते आणि ते दुखावले की रोप बसते, म्हणून फणसाचे रोप लहान असतानाच, मातीचा गोळा न फोडता लावावे.

रोपाची उंची किती असावी, यावर कायदा आणि शास्त्र यांची दिशा एक नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत, ती ६ ते ८ फूट उंचीची असावीत आणि ७ वर्षे सांभाळावीत, असा तिचा रोख आहे. ७ वर्षांची जबाबदारी ही फार मोलाची तरतूद आहे. उंचीची अट मात्र जपून पाळायला हवी. छोट्या पिशवीतले ८ फुटी रोप म्हणजे थोड्या मुळांवर लादलेला मोठा पानोरा. फ्लोरिडा विद्यापीठाचे एडवर्ड गिलमन यांनी वर्षानुवर्षे नोंदी करून ठोकताळा दिला की उष्ण प्रदेशात नियमित पाणी मिळाले तरी खोडाच्या दर इंच जाडीला झाड बसायला सुमारे ३ महिने लागतात. थंड प्रदेशात त्यालाच वर्ष लागते. म्हणजे खोड जितके जाड, तितके जास्त उन्हाळे टँकरच्या भरवशावर. दोन-अडीच फुटी, अंगाने दणकट, मुळांनी मोकळे रोप अनेकदा काही वर्षांत त्या उंच रोपाला गाठते. गुरांचा आणि माणसांचा उपद्रव असलेल्या रस्त्यावर उंच रोप लावावेच लागते, हे खरे. तिथे मग मोठी पिशवी आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांचे पाणी यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात हवी. पूर्ण वाढलेली झाडे उचलून दुसरीकडे लावण्याबद्दल तर आणखी सावध राहावे. मुंबईत मेट्रोसाठी हलवलेल्या झाडांचे काय झाले हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. वड-पिंपळ पुनर्रोपण सोसतात, कारण त्यांच्या फांदीलाही मुळे फुटतात. आंबा-जांभूळ ते सहसा सोसत नाहीत.

रोपच न लावता बी पेरावे, हा पर्याय आपण फार लवकर सोडून दिला. जांभूळ, आंबा, फणस यांचे बी साठवून टिकत नाही. सुकले की मेले. पण हे बी नेमके पावसाच्या तोंडाशी तयार होते, आणि ताजे पेरले की त्याच जागी सोटमूळ सरळ खाली उतरते. कुठलीही पिशवी त्याच्या आड येत नाही. कोकणात कोयीपासून कलम करण्याची पद्धत दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे घरोघरी पोहोचली आणि तिने बागायतीचे भले केले. पाण्याची ओढ असलेल्या जागी मात्र आधी कोय जागेवर पेरून, रोप वाढल्यावर त्याच जागी कलम बांधण्याची जुनी रीत अजूनही सरस आहे. खूप बी उंदीर-सायाळ खातात, हे मान्य. म्हणून एका जागी तीन-चार बिया पेराव्यात आणि पुढे एकच रोप ठेवावे.

आता सावली. सदाहरित रानातले रोप जन्मतःच सावलीत असते. महाबळेश्वर-भीमाशंकरच्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा यांची बाळरोपे मोठ्या झाडांखाली ओलसर पाचोळ्यात वाढतात. तेच रोप आपण उघड्या डोंगरउतारावर, पश्चिमेच्या उन्हात एकटे उभे करतो आणि ते करपले की जातीला नावे ठेवतो. स्पेनच्या आग्नेय भागातल्या डोंगरांत संशोधकांनी ११ जातींची १८ हजारांहून अधिक रोपे काही उघड्यावर, काही झुडपांच्या आडोशाला लावून पाहिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत झुडपाखालची रोपे एकंदरीत जास्त जगली. सदाहरित जातींना हा आडोसा विशेष मानवला आणि उतार जितका उन्हाचा, तितका फायदा ठळक दिसला. एका जातीच्या झुडपाखाली परिणाम उलटा आला, हेही त्यांनी नोंदले. म्हणजे कुठले झुडूप, हे पाहावे लागते.

आपल्या सड्यांवर हे काम करवंद करते. गुरांनी बोडकी केलेल्या माळावर करवंदाची एक जाळी निवडा आणि फांद्या बाजूला करून आत डोकवा. बाहेर भाजणारा मुरूम आणि आत काळसर, थोडी ओली माती, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बिया, आणि अनेकदा मधोमध जांभळाचे किंवा अंजनीचे हातभर उंच रोप सापडते. काट्यांमुळे गुरे त्याला तोंड लावत नाहीत, फांद्यांमुळे दुपारचे ऊन थेट लागत नाही. काही वर्षांनी ते रोप जाळीच्या वर डोके काढते. लागवडीच्या नावाखाली आपण आधी जेसीबीने ही जाळी साफ करतो, मग त्या जागी खड्डे खणतो. एवढी एक गोष्ट थांबली तरी अनेक रोपे वाचतील. जाळीच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला, बुंध्यापासून हातभर अंतरावर रोप लावावे, म्हणजे दुपारनंतरचे ऊन जाळी अंगावर घेईल.

जिथे जाळीही उरली नाही तिथे काय करावे, याचा मोठा नमुना पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये आहे. १९६८ मध्ये तिथे उघडी, धुपलेली तांबडी जमीन होती. आधी बांध घालून पाणी अडवले, मग झटपट वाढणारी काटक झाडे लावली, त्यांत ऑस्ट्रेलियन बाभूळही होती. त्यांच्या सावलीत नंतर त्या किनाऱ्याच्या मूळच्या शुष्क सदाहरित वनातल्या जाती आणल्या. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर-डिसेंबरचा, त्यामुळे वेळापत्रक आपल्याला जसेच्या तसे घेता येणार नाही. क्रम मात्र घेता येतो. कोकणात आणि पुण्याच्या टेकड्यांवर सामाजिक वनीकरणाने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प आज सर्वत्र आहेत. त्यांना शिव्या देऊन सरसकट तोडण्यापेक्षा त्यांच्याखाली देशी सदाहरित रोपे लावून, ती वर आली की टप्प्याटप्प्याने वरचे छप्पर विरळ करावे. गिरिपुष्प हिवाळ्यात पाने टाकते, तेव्हा ऐन गरजेला त्याची सावली कमी पडते, एवढे लक्षात ठेवावे. तमिळनाडूत वालपारईच्या चहामळ्यांलगतच्या तुटक वर्षावनांत नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे दिव्या मुदप्पा, टी. आर. शंकर रामन आणि सहकारी वीसहून अधिक वर्षे घाणेरीसारखी तणे काढून स्थानिक जातींची रोपे लावत आले आहेत. तण काढणे आणि पुन्हा पुन्हा तिथे जाणे, हाच त्या कामाचा मोठा भाग आहे.

मियावाकी पद्धतीबद्दल इथेच बोलायला हवे. जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांनी त्यांच्या देशातल्या रुंदपर्णी सदाहरित वनांसाठी ती बसवली. एका चौरस मीटरमध्ये तीन किंवा अधिक रोपे लावतात, दाटीमुळे ती एकमेकांना सावली देतात आणि दोन-तीन वर्षे निगा राखली की पुढे सोडून देतात. मुंबई महापालिकेने २०२० पासून अशी बरीच वने लावली. पाण्याची खात्री असलेल्या शहरी तुकड्यावर ही पद्धत चालते आणि मुलांना रान दाखवायला ती मला आवडतेही. पण जपानमध्ये उन्हाळ्यात पाऊस असतो, आपल्याकडे उन्हाळा कोरडा. सोलापूर-साताऱ्याच्या माळावर एवढी दाटी म्हणजे एका ओलीवर तीन-चार जणांचा डल्ला. आणि सगळीकडे सदाहरित झाड हवेच असेही नाही. कासच्या पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला तो तिथल्या फुलांच्या गवताळ सड्यामुळे. अशा सड्यावर जांभूळ लावणे हे त्या जागेचे नुकसान आहे.

लावायची वेळ मृगाची की आर्द्राची, हा वाद मी थोडक्यात संपवतो. पहिल्या सरीला लावू नये. पावसाने ओढ दिली तर रोप तिथेच जाते. जमीन दीड-दोन फूट भिजल्यावर लावावे. घाटमाथ्यावर आणि अतिवृष्टीच्या कोकणपट्ट्यात, पाणी तुंबणाऱ्या जागी, ऑगस्टअखेर लावणेही चालते, फक्त मग पहिल्या उन्हाळ्यात पाणी देण्याची तयारी जास्त हवी. कलम लावताना सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे. साध्या रोपाचा गळाही मातीत गाडू नये. सांध्याखालचे फुटवे खुडावेत, सांध्यावरची पट्टी वेळेवर सोडावी आणि पहिली तीन-चार वर्षे मोहोर काढून टाकावा. हे शेतकऱ्याला ठाऊक असते, कार्यक्रमात लावणाऱ्याला नसते.

पाण्याबाबत मात्र थांबून बोलायला हवे. रोज तांब्याभर पाणी घालण्याने मुळे वरच्या दोन-तीन इंचांत गोळा होतात, आणि एक दिवस खंड पडला की सगळे कोसळते. दिवाळीनंतर आठवड्याला एकदा, पण पंधरा-वीस लिटर, आळ्यात सावकाश मुरेल असे पाणी द्यावे. मार्च ते मे हा काळ कडक, तेव्हा अंतर चार-पाच दिवसांवर आणावे. दुसऱ्या उन्हाळ्यात अंतर दुप्पट करून आळे रुंद करावे, म्हणजे मुळे बाहेर सरकतील. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्याला दोनदा पाणी पुरले, तर झाड बसले असे समजावे. ठिबक असेल तर थेंब बुंध्यापाशी न पाडता दरवर्षी बाहेर सरकवावा.

ठिबक नसलेल्यांसाठी मातीचा मटका अजूनही उत्तम. ही युक्ती फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या फान शंगझी यांच्या चिनी शेतीग्रंथात तिचे वर्णन आहे. सहा-सात लिटरचा, न चकाकवलेला मटका रोपापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरावा, पाणी भरून वर झाकण ठेवावे. माती जितकी कोरडी, तितके पाणी झिरपते. पाणी क्षारयुक्त असेल तर मटक्याची छिद्रे बुजतात, तेव्हा वर्षाने तो बदलावा. मुळे मटक्याभोवती गोळा होतात म्हणून दुसऱ्या वर्षी नवा मटका थोडा दूर पुरावा. सलाईनच्या बाटल्या टांगण्याची लाट मधे आली होती. अर्ध्या लिटरने एप्रिलात जमिनीचा वरचा पापुद्रा भिजतो, मुळापर्यंत काही पोहोचत नाही.

आच्छादन हवेच. पेंढा, पाचोळा, कोकणात नारळाची सोडणे, जे हाताशी असेल ते चार बोटे जाड पसरावे आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. वाळवीचा त्रास असलेल्या मुरमाड भागात कोरड्या पाचोळ्याने वाळवी वाढते. तिथे चपटे दगड मांडावेत. दगडाखालची माती मेमध्येही थंड राहते आणि खायला काही नसल्याने वाळवी जमत नाही. खोडाला चुना किंवा बोर्डो पेस्ट लावली तर पश्चिमेच्या उन्हाने साल भाजत नाही.

उरलेल्या गोष्टी भराभर. काठीचा आधार सैल द्यावा आणि वर्षभरात काढावा. १९७१ मध्ये नील आणि हॅरिस या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की रोज अर्धा मिनिट हलवलेले रोप उंचीला कमी वाढते. पुढच्या कामांतून हेही दिसले की वाऱ्यात डुलणारे खोड बुंध्याशी जाड होते. लावताना निम्मी पाने कापण्याची माळ्यांची रीत उघड्या मुळांच्या रोपाला मदत करते. पिशवीतल्या रोपाला तिची गरज नाही, कारण मुळे वाढवायला लागणारे अन्न पानेच तयार करतात. पुसा हायड्रोजेलसारखे पाणी धरणारे पदार्थ हलक्या, वाळूसर मातीत थोडी मदत करतात, पण नुसत्या त्यांच्यावर उन्हाळा निघत नाही. विकत मिळणाऱ्या बुरशीच्या पुड्यांपेक्षा त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची ओंजळभर माती आणि पाचोळा मला जास्त भरवशाचा वाटतो.

एवढे सगळे नीट करूनही एक बकरी किंवा एक वणवा ते संपवू शकतो. कोकणात फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला लागलेली आग एका दुपारी दहा वर्षांची कलमे नेते. म्हणून डिसेंबरअखेर प्लॉटभोवती जाळरेषा काढणे आणि प्रत्येक रोपाभोवतीचे गवत कापणे, ही रोप लावण्याइतकीच महत्त्वाची कामे आहेत. कापलेले गवत तिथेच आच्छादनाला वापरता येते. कुंपण म्हणून जांभ्याचा गडगा, बोरी-बाभळीच्या काट्या, बांबूची जाळी सगळे चालते. लोखंडी ट्री गार्ड चार वर्षांनी काढला नाही तर तोच खोडात रुततो. पण खरे कुंपण गावाचे असते. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, तेव्हा तिथले डोंगर झाकले गेले. ती झाडी बहुतेक पानगळीची आहे, तरी धडा सदाहरित रोपांनाही लागू आहे. शहरात गुरांची जागा काँक्रीटने घेतली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. आपल्या शहरांतल्या पदपथांवर ती जागा अजून अनेक झाडांना मिळालेली नाही.

पैशाची रचना कशी असावी, हे फळबागेच्या योजनांनी दाखवून दिले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते, आणि पुढचे हप्ते जिवंत झाडांवर अवलंबून असतात. शेतकरी मग उन्हाळ्यात पाणी घालतोच. सार्वजनिक लागवडीलाही हीच शिस्त हवी. खर्चाचा अर्धा भाग खड्डे आणि रोपांवर, उरलेला अर्धा तीन उन्हाळ्यांच्या पाण्यावर, तणावर आणि जाळरेषेवर, तोही जगलेली रोपे मोजून. मोजणी १ जुलैला नको, ३१ मे रोजी हवी, म्हणजे पावसाने वाचवण्याच्या आदल्या दिवशी आकडा समोर येईल.

वाचकांना एवढीच विनंती आहे. या पावसाळ्यात तुमच्या गावात, शाळेत किंवा सोसायटीत लागवड ठरत असेल, तर रोपे किती हा प्रश्न मागे ठेवा आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्यांची नावे आधी लिहून घ्या. नावे पाच जमली तर पाचच रोपे लावा. आणि येत्या ३१ मे रोजी गेल्या वर्षीच्या खड्ड्यांपाशी जाऊन जिवंत रोपे मोजा, तो आकडा त्याच फलकावर लिहा.